वाट बदलू पाहणाऱ्या तरुणांस : व्यवस्थापनाचे शिक्षण आणि शिष्यवृत्त्या

(विहारात भरलेल्या पालक व तरुणांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेसाठी जो विषय मला देण्यात आला आहे, तो वरवर पाहता मूठभर लोकांचा वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत माझ्या कचेरीत जे तरुण सल्ल्यासाठी येतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मनात एकच प्रश्न असतो. कोणी बँकेत कारकून आहे, कोणी कारखान्यात अभियंता आहे, कोणी खाजगी शाळेत शिक्षक आहे. वय सत्तावीस-अठ्ठावीस. घरात पगार आणणारा तो एकटाच. त्याला नोकरी सोडून व्यवस्थापनाची, म्हणजे एम. बी. ए. ची पदवी घ्यावयाची आहे आणि आयुष्याची वाट बदलावयाची आहे. आईवडील घाबरतात. "हातची भाकरी टाकून पुन्हा वर्गात बसणार?" असे विचारतात. त्यांचे भय खोटे नाही. म्हणूनच हा निर्णय डोळस रीतीने कसा घ्यावा, हे मी आज तुम्हांस सांगणार आहे.

चालू नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी होणे ही गोष्ट आपल्या समाजात नवी नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. दरमहा साडेअकरा पौंड ही ती शिष्यवृत्ती. तिची मुदत संपली तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. मानाची, स्थिर पगाराची नोकरी होती. ती सोडून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. पगारातून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज, या तीन गोष्टींवर त्यांनी १९२३ पर्यंत एम. एस्सी., बॅरिस्टर आणि डी. एस्सी. हे तिन्ही टप्पे पार पाडले. बचत, साहाय्य आणि कर्ज या तिन्हींची जुळवाजुळव आजही प्रत्येक तरुणाला करावीच लागते. फरक इतकाच की, आज साहाय्याचा पुष्कळसा भाग हा कोणाच्या कृपेचा प्रश्न राहिलेला नसून कायद्याने व शासकीय योजनांनी आपणांस मिळालेला हक्क आहे. तो हक्क अज्ञानामुळे बुडू नये, एवढीच माझी तळमळ आहे.

प्रथम प्रश्न : कशासाठी?

संस्थेचे नाव शोधण्यापूर्वी स्वतःस विचारा, मला नेमके कोठे जावयाचे आहे? जो आज जेथे आहे तेथेच वर चढू इच्छितो, त्याला नोकरी सोडण्याची गरज बहुधा नसते. सायंकालीन, अंशकालीन किंवा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम त्याला पुरेसा होतो. परंतु ज्याला क्षेत्रच बदलावयाचे आहे, म्हणजे बांधकामावरील अभियंत्याला वित्तव्यवहारात जावयाचे आहे, किंवा शिक्षकाला एखाद्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम हवे आहे, त्याला पूर्णवेळ अभ्यासक्रमच घ्यावा लागतो. याचे कारण असे की, नव्या क्षेत्रातील मालक तुमच्या जुन्या अनुभवास फारशी किंमत देत नाहीत. त्यांना तुमचे काम प्रत्यक्ष पाहावयाचे असते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर उन्हाळ्यात जी आठ-दहा आठवड्यांची उमेदवारी, ज्याला इंटर्नशिप म्हणतात, करावी लागते, तेच त्या क्षेत्राचे खरे दार होय. कित्येक कंपन्या त्या उमेदवारांतूनच पुढे नेमणुका करतात.

म्हणून वाट बदलणाऱ्याने एक वर्षाचा अभ्यासक्रम घेताना सावध असावे. अहमदाबाद, कलकत्ता, बंगळूर येथील आय. आय. एम. मध्ये अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचे पूर्णवेळ अभ्यासक्रम आहेत. तेथे चार-पाच वर्षांच्या नोकरीची अट असते. हैदराबाद व मोहाली येथील इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा मुख्य अभ्यासक्रमही एक वर्षाचाच. एक वर्षाचा पगार वाचतो हे खरे. परंतु अशा ठिकाणी उन्हाळी उमेदवारीस बहुधा वाव नसतो. परदेशांतही हाच भेद आहे. हार्वर्डचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, फ्रान्समधील इन्सीडचा दहा महिन्यांचा. आणि त्या दहा महिन्यांतही जानेवारीत प्रवेश घेणाऱ्यांसच उन्हाळी कामाची सवड मिळते. ज्याला आपलेच क्षेत्र ठेवून वरची जागा हवी त्याला एक वर्ष पुरते. ज्याला क्षेत्र बदलावयाचे आहे त्याने दोन वर्षांचा हिशेब धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

संस्था कशी पारखावी?

अहमदाबाद व कलकत्ता येथील आय. आय. एम. १९६१ साली निघाल्या. आज देशात वीसहून अधिक आय. आय. एम. आहेत. नागपूरची २०१५ साली सुरू झाली, आणि मुंबईच्या पवई येथील १९६३ सालच्या जुन्या संस्थेस २०२३ साली आय. आय. एम. चा दर्जा मिळाला. यांच्या दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमात अनुसूचित जातींस १५ टक्के जागा राखीव आहेत. प्रवेशासाठी कॅट ही परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस होते. सर्वसाधारण उमेदवारास पदवीला ५० टक्के गुण लागतात, आपणांस ४५ टक्के. परीक्षेचे शुल्क आपणांस निम्मे असते. वयाची मर्यादा नाही. तेव्हा "आता माझे वय झाले" असे म्हणून तिशीतील तरुणाने मागे फिरण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात राज्याची स्वतंत्र सामाईक प्रवेश परीक्षा आहे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ सालापासून चालत आलेली आहे. पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था अशा सार्वजनिक संस्थांचे शुल्क मोठ्या खाजगी संस्थांच्या मानाने पुष्कळच कमी असते. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत अनुसूचित जाती व नवबौद्ध यांस १३ टक्के जागा राखीव असतात. आय. आय. एम. च्या नावाच्या मोहाने घराजवळची ही दारे न पाहता पुढे जाऊ नका.

आता पारखण्याच्या तीन कसोट्या सांगतो. पहिली, मान्यता. संस्था विद्यापीठाशी संलग्न आहे काय, किंवा तिच्या पदविकेस अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे काय, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. माहितीपत्रकावर विसंबू नका. अमान्य संस्थेच्या विद्यार्थ्यास शासकीय शिष्यवृत्तीही मिळत नाही. इंडियन स्कूल ऑफ बिझनेससारखी नामांकित संस्था या चौकटीबाहेर आहे, पण तेथे आरक्षणही नाही. तिच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या आहेत. त्यांवर भिस्त ठेवून जाणे हा वेगळा हिशेब आहे.

दुसरी कसोटी, नोकऱ्यांचा अहवाल. संस्था 'सरासरी पगार' मोठ्या अक्षरांत छापतात. समजा, वर्गात दहा विद्यार्थी आहेत. नऊ जणांस वर्षाला आठ लाख मिळाले आणि एकास पन्नास लाख. सरासरी बारा लाखांच्या पुढे जाते. पण दहातील नऊ जणांच्या हाती आठच लाख पडले! म्हणून सरासरी न विचारता मध्यक विचारा, म्हणजे सर्वांचे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. शिवाय अहवालाची लेखापरीक्षकाकडून तपासणी झाली आहे काय, आणि किती विद्यार्थ्यांस नोकरी मिळाली नाही, हेही विचारा.

तिसरी कसोटी, माणसे. तुमच्यासारख्याच क्षेत्रातून आलेला आणि तुम्हांस हव्या त्या क्षेत्रात गेलेला एक तरी माजी विद्यार्थी शोधा. त्यांत आपल्या समाजातील कोणी असेल तर उत्तमच. तेथे राखीव जागेवर आलेल्या विद्यार्थ्यास कशी वागणूक मिळते, अभ्यासात मागे पडल्यास मदत मिळते काय, हे छापील पुस्तिकेत कधीच सापडत नाही.

कागद आधी, अर्ज मागून

वकील या नात्याने या भागावर मला विशेष जोर द्यावयाचा आहे. कारण बुद्धीने पात्र ठरलेला आपला तरुण कागदावर नापास झालेला मी अनेकदा पाहिला आहे.

राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम केवळ हिंदूंपुरता ठेवला होता. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या लोकांस महाराष्ट्र राज्याने सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी संसदेने कायदा करून बौद्धांचा समावेश केला. म्हणून नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांस मी निःशंकपणे सांगतो की, धर्मांतरामुळे तुमच्या मुलांचा हा हक्क जात नाही. "धर्म खरा लिहिला तर शिष्यवृत्ती बुडेल" असे जे कोणी सांगत असतील, त्यांना कायदा ठाऊक नाही.

अडचण कायद्यात नाही, ती नोंदीत आहे. कित्येकांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'बौद्ध' असे लिहिलेले असते. तेवढ्यावरून अनुसूचित जात सिद्ध होत नाही. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडील पूर्वजांचे पुरावे लागतात, आणि अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक आहे १० ऑगस्ट १९५०. त्या दिवसापूर्वीचा आजोबा-पणजोबांचा शाळेतील उतारा, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीतील नोंद, जमिनीचा जुना कागद, जे मिळेल ते आजच मिळवा. आज ज्यांच्या घरात वृद्ध हयात आहेत, त्यांनी गाव, शाळा आणि नावे विचारून लिहून ठेवावीत. दीक्षेनंतर आडनाव बदलले असेल, तर राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपून ठेवा. आजोबांचे आडनाव एक, पदवीवरचे दुसरे, आणि दाखल्यावरचे तिसरे, अशा स्थितीत समिती प्रश्न विचारणारच.

केंद्राच्या संस्थांस केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो, राज्याच्या प्रवेशास राज्याच्या नमुन्यातील. दोन्ही काढा. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जातवैधता प्रमाणपत्रही लागते. जिल्हा जात पडताळणी समितीकडे त्यासाठी प्रवेशाच्या वर्षभर आधी अर्ज करा. मुदतवाढ मिळेल या आशेवर राहू नका. विवाहित भगिनींनी ध्यानात ठेवावे की, त्यांची जात वडिलांकडून ठरते, पतीकडून नव्हे. दाखला माहेरच्या पुराव्यांवरच निघतो. दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबांनी हेही ध्यानात ठेवावे की, एका राज्यातील अनुसूचित जातीचा दर्जा दुसऱ्या राज्याच्या सवलतींसाठी आपोआप चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हे स्पष्ट केले आहे.

आणि एक सक्त सूचना. उत्पन्नाचा किंवा जातीचा खोटा दाखला कोणीही काढून घेऊ नये. दलाल गोड बोलतो, पण जातीचा दाखला खोटा ठरल्यास मिळालेली पदवीसुद्धा रद्द होऊ शकते आणि तुरुंगवासही होऊ शकतो.

पैसा कोठून आणावा?

मोठ्या आय. आय. एम. चे दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांच्या पुढे गेले आहे. पण खर्च तेवढाच नव्हे. आज तुम्हांस दरमहा चाळीस हजार पगार असेल, तर दोन वर्षांत ९ लाख ६० हजार रुपयांचे उत्पन्नही बुडते. हा आकडा कागदावर मांडून घरच्यांसमोर ठेवा. आईवडिलांस आणि पत्नीस तो माहीत असणे हा त्यांचा अधिकार आहे.

आता साहाय्य. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असणाऱ्यांस, यादीतील नामांकित संस्थांत, आय. आय. एम. धरून, ती मिळते. शिक्षणशुल्क पूर्ण मिळते. खाजगी संस्थांसाठी मात्र वर्षाला दोन लाखांची मर्यादा आहे. निर्वाह व पुस्तकांसाठी पहिल्या वर्षी ८६ हजार आणि पुढे दरवर्षी ४१ हजार रुपये मिळतात. प्रत्येक संस्थेस जागा ठरावीक असतात, म्हणून प्रवेश मिळताच अर्ज करावा.

उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर १९४४ सालापासून चालत आलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांस महाराष्ट्रात शुल्कप्रतिपूर्तीची योजना आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत वाट बदलणाऱ्यांसाठी एक अडसर होता. एका व्यवसायाचे शिक्षण पुरे करून दुसऱ्या व्यवसायाच्या शिक्षणाकडे वळणाऱ्यास ती मिळत नसे. १९८०-८१ पासून दोन व्यावसायिक अभ्यासक्रमांस मुभा मिळाली. तेव्हा ज्याने अभियांत्रिकी एकदा शिष्यवृत्तीवर पुरी केली आहे, त्याने अर्जापूर्वी चालू नियमातील हे कलम समाजकल्याण कार्यालयातून लेखी समजून घ्यावे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांस स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला साठ हजारांपर्यंत साहाय्य मिळते.

नोकरी करणाऱ्याच्या बाबतीत उत्पन्नाचा मुद्दा नाजूक असतो. गतवर्षीचा तुमचा स्वतःचा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात धरला जाऊ शकतो. नोकरी न करणाऱ्या विवाहित स्त्रीच्या बाबतीत पतीचे उत्पन्न पाहिले जाते. कोणत्या वर्षाचे उत्पन्न मागितले आहे ते वाचा, आणि राजीनामा, कार्यमुक्तीचे पत्र व तहसीलदारांचा दाखला हाताशी ठेवा. शिक्षणात पडलेल्या खंडाचे प्रतिज्ञापत्रही तयार असू द्या.

परदेशासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. वय ३५ च्या आत, उत्पन्न आठ लाखांपर्यंत, पदवीस किमान ६० टक्के आणि जगातील पहिल्या पाचशे विद्यापीठांपैकी एकात बिनशर्त प्रवेश, या तिच्या मुख्य अटी. नोकरीत असलेल्याने मालकाचे ना-हरकत पत्र जोडावे लागते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्यासाठी आहे. तिच्या जागा ७५, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी वयाची मर्यादा तीच, ३५. तिच्या इतर अटी वर्षागणिक बदलतात. त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय पाऊल टाकू नये. पस्तिशीची ही रेघ वाट बदलणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावी. तेहतिसाव्या वर्षी जागे होणाऱ्याच्या हाती एकदोनच संधी उरतात.

शासकीय शिष्यवृत्ती मंजूर झाली म्हणजे पैसा हाती आला असे समजू नका. २०२५ साली राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ जणांपैकी प्रथम केवळ ४० जणांस पत्रे मिळाली आणि इतरांस निधीच्या उपलब्धतेची अट सांगण्यात आली. म्हणून दुसरी व्यवस्था तयार हवी. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षांच्या अनुभवावर मिळते, तिला वयाची मर्यादा नाही, मात्र एम. बी. ए. च्या शुल्कापैकी ती २२ हजार पौंडांपर्यंतच भरते आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट घालते. १८९२ साली स्थापन झालेला जे. एन. टाटा निधी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो. हार्वर्डने २०२२ साली सर्वांत गरजू विद्यार्थ्यांचे संपूर्ण शिक्षणशुल्क देण्याचे जाहीर केले. अशा संस्था अर्जाचे शुल्कही गरजूंस माफ करतात, पण ते मागावे लागते.

शेवटी कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांस तारणाशिवाय कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट मिळू शकते. परंतु कर्जाचे गणित आधी करा. वीस लाख रुपये दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सव्वीस हजारांच्या पुढे हप्ता पडतो. ज्या संस्थेचा मध्यक पगार हा हप्ता भरून घर चालवू शकत नाही, ती संस्था तुमच्यासाठी नव्हे, तिची इमारत कितीही उंच असो.

अर्ज आणि मुलाखत

मुलाखतीत तीन प्रश्न हमखास येतात : हेच शिक्षण का, आताच का, आणि येथेच का? वाट बदलणाऱ्याने उत्तर आपल्या कामातून द्यावे. कारकुनाने सांगावे की, कर्जाचे अर्ज हाताळताना लहान दुकानदाराला कर्ज का नाकारले जाते हे मला दिसले, आणि ते समजून घेण्यास मला वित्तशास्त्र शिकावयाचे आहे. असे उत्तर पाठ केलेल्या दहा वाक्यांपेक्षा भारी ठरते. आपले मूळ लपवू नका आणि त्याच्या आधारे दयाही मागू नका. पहिल्या पिढीत शिकून, घर चालवून, येथवर आलेला मनुष्य हा जबाबदारी उचलू शकणारा मनुष्य होय; एवढे साध्या शब्दांत सांगितले की पुरे. शिफारसपत्र मोठ्या पदाच्या अपरिचितापेक्षा तुमचे काम रोज पाहिलेल्या वरिष्ठाकडून घ्या.

पालकहो, तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. मुलगा किंवा मुलगी हा विषय घरात काढील, तेव्हा पहिल्याच शब्दाला नाही म्हणू नका. आकडे मागा, कागद मागा, मध्यक पगार विचारा. हिशेब जुळत नसेल तर स्पष्टपणे थांबवा. जुळत असेल तर दोन वर्षे पोटाला चिमटा घेण्याची तयारी ठेवा. मुलीच्या बाबतीत लग्नाची घाई या हिशेबात आणू नका.

आणि तरुणहो, उद्या सोमवार आहे. कॅटची पुस्तके नंतर आणा. उद्या पहिल्याने आजोबांच्या शाळेचा उतारा मिळविण्यासाठी गावच्या मुख्याध्यापकांस अर्ज लिहा. तुमची सारी वाट त्या एका कागदापासून सुरू होते.

जय भीम.